जमा पावती

आचारसंहिता लागली की
जनकगंज ठाण्यासमोर आमची रांग लागते.
कुणाची दुनाळी जुन्या रजईत गुंडाळलेली,
कुणाचं पिस्तूल गजकच्या डब्यात.
माझं रिव्हॉल्वर भाजीच्या पिशवीत, वर दोन दुधी,
मंडई वाटेवरच होती.

मागून धैर्यशील शितोळे विचारतो,
"काका, लायसन्स झालं. घेऊ कुठलं?"
वय सत्तावीस.
कमरेला चामडी पट्टा आधीच घेऊन ठेवलाय, रिकामा.
ऐक म्हटलं. रांग लांब आहे.

पहिलं मी घेतलं बेल्जमचं.
पेट्रोलपंपाचा गल्ला झाशी रोडवरून बँकेत न्यायचा,
हे अर्जात लिहिलेलं कारण.
खरं कारण शिंपल्याची मूठ.
एका सरदारांच्या नातवाने मखमलीवर ठेवून दाखवलं,
आधी चहा, मग वंशावळ, मग किंमत.
तेवढ्यात थाटीपूरला प्लॉट येत होता.
वासंती अजून त्या रस्त्याने गेली की
माझ्याकडे न बघता म्हणते,
"आता तिथे शोरूम आहे."

तर, नळीत डोकाव, मुठीकडे बघू नकोस.
विकणारा चहा पाजत असेल तर दोनदा डोकाव.
आणि झाडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.
माझं दोन गोळ्या झाडायचं, तिसरी अडकायची.
दर वेळी तिसरीच.
स्प्रिंग म्हातारी झालेली, पार्ट कुठे मिळेना.
चार वर्षांनी अर्ध्या किमतीत विकलं
एका ठेकेदाराला.
मीही आधी चहाच पाजला.

मग हे. कानपूरचं, बत्तीस बोअर, सहा घरांचं.
दिसायला नळ दुरुस्त करायचं अवजार.
चाप इतका कडक की दोन बोटं लावावीत,
पण दगा म्हणून नाही,
पौषातल्या थंडीत नाही, तेल घालायला विसरलो तरी नाही.
मोरारच्या मोच्याने मेणदोऱ्याने म्यान शिवून दिलं,
त्याची टाच अजून उसवलेली नाही.
घ्यावं तर असं घ्यावं,
मी भेटेल त्याला सांगायचो

प्रसन्नाच्या वरातीपर्यंत.

फालका बाजारात बँड थांबला.
त्याच्या मित्राने हात पुढे केला, "मामा, तीनच."
सगळे बघत होते.
मी दिलं.
यापुढे काही जोडावं म्हटलं तर सापडत नाही. मी दिलं.
पहिली वर गेली. दुसरी वर गेली.
तिसरीला त्याला कुणीतरी आनंदाने मिठी मारली.

डोक्यावर दिव्यांचं झाड घेऊन चालणारी बाई
एकदम अंधारात उभी.
काचा केसांत, कानामागून बारीक ओघळ,
तरी झाड तिने खाली ठेवलं नव्हतं.
"झाड़ ठेकेदार का है, बाबूजी,
पैसे मेरे कटेंगे."
मी पाकीट उघडलं. तिने मोजून झाडाचे घेतले.
कानाचे तिने मागितले नाहीत
आणि मला सुचले नाहीत.
बँडवाल्यांनी मधूनच पुढचं कडवं उचललं.

बेल्जमवालं असतं तर तिसरीला अडकलं असतं.
अकरा वर्षं झाली, रात्री जाग आली की मोजतो,
एक, दोन,
आणि कुठली खरेदी फसली
ते ठरत नाही.

धैर्यशील थोडा वेळ गप्प राहतो.
मग म्हणतो,
"म्हणजे काका, कानपूरचंच घेऊ ना?"

खिडकीतला मुन्शी दुधी बाजूला सारतो,
नंबर उतरवतो, सहा घरं फिरवून बघतो.
पावती मी चष्म्याच्या डबीत घालतो.

मागच्या निवडणुकीला निकालानंतर सात महिने
मी आणायला गेलोच नव्हतो.
शेवटी ठाण्यातून फोन आला,
"उठा लो बाबूजी,
हमारे यहाँ जगह नहीं है."